स्नायूंची झीज आणि अमिनो आम्लांचा डबा

(मंडळाच्या वाचनालयात ज्येष्ठ सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले, एवढाच माझा अधिकार. चिटणीस दादा घरी आले आणि म्हणाले, "बाई, आमच्या ज्येष्ठ मंडळींना सगळे जण अमिनो आम्लांची औषधे घ्यायला सांगतात, आणि पोरे व्यायामशाळेत पावडरी खातात. यातले खरे काय, ते सांगा." मी लगेच हो म्हटले. कारण या विषयात मी स्वतः एकदा नापास झाले आहे, आणि तेही माझ्या आईच्या बाबतीत.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना मोरीत घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली आणि आठ दिवसांत तिला घरी आणले. त्यानंतर आम्ही भावंडांनी तिची सेवा आरंभली. तिला पलंगावरून उठू द्यायचे नाही, पाणीसुद्धा हातात द्यायचे. ती उठायला लागली की आम्ही चौघे धावत जात असू, "आई, तू उठू नकोस, आम्ही आहोत ना!" खायला भाताची पेज, साबुदाण्याची खीर, चहा-बिस्किटे आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेली मोसंबी. भावाने मेडिकलमधून एक पावडरचा डबा आणि अमिनो आम्लांचे सिरप आणले. दोन्ही मिळून त्याच्या आठवडाभराच्या कमाईचा मोठा भाग त्यात गेला. मी घड्याळ लावून ते तिला देत होते.

दीड महिन्याने तिचे लुगडे बदलताना माझे लक्ष तिच्या मांड्यांकडे गेले. कातडी लोंबत होती, आत काही उरलेच नव्हते. जखम भरली होती, हाडही जुळत होते, पण कमोडवरून उठायला तिला दोन माणसे लागत. हाड मोडले एका क्षणात, पाय मात्र आम्ही दीड महिना बसून घालवले. वर्गात फळ्यावर प्रथिनांची रचना काढणारी मी त्याच घरात होते.

म्हणून आज थोडे मुळापासून बोलू.

आपल्या शरीरातला स्नायू म्हणजे एकदा बांधून ठेवलेली भिंत नव्हे. तो रोज थोडा मोडतो आणि रोज थोडा बांधला जातो. मोडणे आणि बांधणे बरोबरीचे असले की अंग आहे तसे राहते. आजारपण आले, ताप आला, जखम झाली की शरीराला दुरुस्तीसाठी आणि रोगाशी झुंजण्यासाठी अमिनो आम्ले लागतात. खाण्यातून ती पुरेशी मिळाली नाहीत तर शरीर ती स्नायू मोडून घेते. अडीअडचणीला मोडायची ठेव म्हणा ना. तरुणपणी ठेव मोठी असते, आणि पुन्हा भरूनही निघते. म्हातारपणी ती आधीच घटलेली असते, आणि एकदा मोडली की भरणे फार कठीण.

वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला फार उशिरापर्यंत नावही नव्हते. म्हातारपण आले, पाय गेले, एवढेच लोक म्हणत. अमेरिकेतील अल्बुकर्की येथे १९८८ साली झालेल्या एका बैठकीत आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवले की, या गोष्टीला नाव दिल्याशिवाय तिच्याकडे कोणी गांभीर्याने बघणार नाही. त्यांनी ग्रीक शब्दांवरून 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. मांसाची उणीव, असा त्याचा सरळ अर्थ. नाव दिले आणि संशोधन सुरू झाले.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी अडचणीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बालके यांचा अभ्यास केला. आपली नवजात बालके इंग्लंडमधल्या बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, पण ही घट मुख्यतः स्नायूंत असते. चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! शेजारी शेजारी उभे केले तर दोघेही सडपातळच दिसतील. तेव्हा "मी तर बारीक आहे, मला काय होते" असे म्हणणाऱ्यांनी थोडे सावध राहावे. आपली ठेव मुळातच लहान आहे.

आता अमिनो आम्ले म्हणजे काय ते पाहू. ही स्मरणिका छापणारे आपले वयस्कर मुद्रक पूर्वी खिळे जुळवत असत, ते आठवा. मजकूर कितीही मोठा असो, तो ठरावीक अक्षरांच्या खिळ्यांतूनच जुळतो. प्रथिनांचेही तसेच. वीस प्रकारची अमिनो आम्ले ओळीने जोडली की प्रथिन तयार होते. त्यांपैकी अकरा शरीर स्वतः घडवू शकते. नऊ मात्र अन्नातूनच आली पाहिजेत, त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. आणि छापखान्यातली अडचण इथेही आहे. 'ळ'चे खिळे संपले तर 'क'चे कितीही पडलेले असोत, ओळ तिथेच थांबते.

हे शोधून काढण्याचे मोठे श्रेय इलिनॉय विद्यापीठातील विल्यम रोझ यांचे. ते उंदरांना प्रथिनाऐवजी त्या काळी माहीत असलेल्या अमिनो आम्लांचे मिश्रण देत, तरी उंदीर वाढत नसत. दुधातले केसीन दिले की वाढत. म्हणजे केसीनमध्ये काही तरी अनोळखी होते. ते १९३५ साली सापडले, त्याचे नाव थ्रिओनिन. विसांमधले ते शेवटचे. पुढे १९४२ पासून त्यांनी आपल्या तरुण विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. मक्याचे पिठूळ सत्त्व, साखर, लोण्यातली चरबी, जीवनसत्त्वे, क्षार आणि शुद्ध अमिनो आम्ले एवढाच आहार. एकेक अमिनो आम्ल वगळायचे आणि शरीरातून नायट्रोजन जास्त जातो का ते मोजायचे. प्रौढांना आठ अमिनो आम्ले बाहेरून लागतात असे त्यांना दिसले. हिस्टिडिन हे नववे नंतर त्या यादीत आले. आज डब्यात विकली जाणारी शुद्ध अमिनो आम्ले अशी सुरुवातीला प्रयोगशाळेतले एक साधन होती.

या नवांपैकी ल्युसिनचे काम वेगळे आहे. ते खिळा तर आहेच, शिवाय यंत्र सुरू करणारे बटणही आहे. जेवणानंतर रक्तात ल्युसिन पुरेसे वाढले की स्नायूंमधील बांधकाम सुरू होते. तरुण माणसात हे बटण हलक्या हाताने दाबले तरी चालते. म्हाताऱ्या स्नायूला जोराने दाबावे लागते. संशोधक असे मानतात की उतारवयात एका जेवणातून साधारण २५ ते ३० ग्रॅम प्रथिने आणि त्यांतून अडीच-तीन ग्रॅम ल्युसिन मिळाले तर हे काम नीट होते. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला कमी खाणे पुरते, ही आपली समजूत प्रथिनांच्या बाबतीत उलटी आहे.

हे वाचल्यावर मी आईच्या सिरपची रिकामी बाटली शोधून काढली. लेबलवर सारी नावे होती. ल्युसिन, लायसिन, व्हॅलिन, कशाचीही उणीव नाही. आकडे मात्र मिलिग्रॅममध्ये! एका मोठ्या चमच्यात ल्युसिन वीस मिलिग्रॅमच्याही खाली. एका अंड्यात ते सुमारे अर्धा ग्रॅम असते, म्हणजे एका अंड्याची बरोबरी करायला अशा सिरपचे पंचवीसहून अधिक चमचे लागले असते. डब्यातल्या पावडरीचेही तेच. दोन चमच्यांत पाच ग्रॅम प्रथिने, बाकी साखर आणि पिठूळ सत्त्व. अंड्यात सहा असतात. मी लेबल वाचायला शिकवणारी बाई, पण घरी आलेल्या डब्यावरचे चित्र पाहून गप्प बसले. यात फसवणूक कोणाची म्हणावी? आकडे तर छापलेलेच होते.

पण मग खरोखरीची, पुरेशा मात्रेची अमिनो आम्ले दिली तर उपयोग होतो का? प्रामाणिक उत्तर असे की काही प्रसंगी होतो. २००४ साली टेक्सासमधील गॅलव्हेस्टन येथील संशोधकांनी निरोगी तरुणांना २८ दिवस अंथरुणात झोपवून ठेवले. काहींना दिवसातून तीन वेळा साडेसोळा ग्रॅम आवश्यक अमिनो आम्ले साखरेबरोबर दिली. ज्यांना दिली त्यांच्या पायांतील मांस टिकले, बाकीच्यांचे घटले. मात्र ताकद दोन्ही गटांची कमी झाली, पहिल्या गटाची निम्म्यानेच कमी. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर रोज दोनदा वीस-वीस ग्रॅम दिल्यावर मांडीची झीज बरीच आटोक्यात राहिली, असे २०१३ साली एका छोट्या प्रयोगात दिसले. तेव्हा ही वस्तू थोतांड नाही. रुग्णालयात, ठरावीक काळ, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिला जागा आहे. पण मात्रा ध्यानात घ्या. सोळा ग्रॅम, वीस ग्रॅम. माझ्या आईच्या चमच्यात सगळी मिळून एक ग्रॅमही नव्हती.

आणि झोपून राहण्याची किंमत किती असते, तेही ऐका. २००७ साली आर्कान्सा येथे सरासरी सदुसष्ट वर्षांच्या बारा निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवले. त्यांना ठरलेल्या प्रमाणात प्रथिने मिळत होती. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस गेले. ही माणसे आजारी नव्हती, त्यांचे हाड मोडलेले नव्हते. आम्ही आईला दीड महिना झोपवले.

आता ज्या प्रयोगाने माझे डोळे उघडले तो सांगते. बॉस्टनमधल्या वृद्धांच्या एका संस्थेत १९९० साली डॉ. मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या दहा जणांना पायाने वजन उचलायला लावले. आठ आठवडे. नव्वदीच्या माणसांना वजने! त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मग १९९४ साली त्यांनी शंभर अशक्त वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला, त्यांचे सरासरी वय ८७ होते. त्यांचे चार गट केले. एकाला नुसता व्यायाम, एकाला नुसते पोषक पेय, एकाला दोन्ही आणि एकाला दोन्ही नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची जेमतेम ३ टक्के. चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची शक्ती वाढली. आणि नुसत्या पेयाने? स्नायूंच्या दुबळेपणावर काही परिणाम झाला नाही. ते पेय शुद्ध अमिनो आम्लांचे नव्हते, साधे मिश्र पोषक पेय होते, हे सांगितले पाहिजे. तरी घरोघरी आपण जे डबे आणतो ते त्याच जातीचे असतात.

आमच्या घरी शेवटी एक तरुण व्यायामोपचार करणारी मुलगी आली. आमच्याच वस्तीतल्या एका सफाई कामगाराची मुलगी, नुकती शिकून बाहेर पडलेली. तिने डबा बाजूला ठेवला आणि आईला विचारले, "आजी, सकाळी काय खाल्लं?" मग आम्हाला म्हणाली, "खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. आज दोनदा, उद्या तीनदा. तुम्ही धरायचं नाही, फक्त जवळ उभं राहायचं." जवळ उभे राहून न धरणे मला किती जड गेले, ते सांगता येत नाही. आई थरथरत उठायची, आणि माझे हात आपोआप पुढे जायचे. तीन महिन्यांनी ती काठी घेऊन अंगणातल्या कडुनिंबापर्यंत जाऊ लागली. पूर्वीसारखी झाली नाही. पण मोरीपर्यंत स्वतः जात होती, आणि म्हाताऱ्या माणसाच्या मानाची सारी गोष्ट त्यात असते.

त्या काळात तिचे खाणेही बदलले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज असे प्रमाण दिले. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम असावे, आजारपणात त्याहून थोडे अधिक, असे २०१३ साली या विषयातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुचवले. पन्नास किलोच्या आजीला पन्नास ते साठ ग्रॅम. हे कुठून आणायचे? दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम. वाटीभर घट्ट तुरीचे वरण सहा-सात. पेलाभर दूध सहा-सात. मूठभर फुटाणे सहा. सुकट तर प्रथिनांचा साठाच आहे, आणि तिच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांनी भावाकडे पाहावे. सोयाबीनच्या वड्यांत निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचे असते. दात नसतील तर अंडे मऊ उकडा, वड्या वाटून घ्या, चुनात दाण्याचे कूट घाला.

आपली भाकरी-वरणाची जोडी किती शहाणी आहे, हेही बघा. ज्वारीत लायसिन कमी, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून येते. एकाचे संपलेले खिळे दुसरे पुरवते. आणि ज्या ल्युसिनसाठी लोक डबे घेतात ते ज्वारीत इतके आहे की १९६० साली हैदराबादचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी नेमकी उलटी शंका मांडली. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग दिसतो, तो या जादा ल्युसिनमुळे तर नसेल ना? त्यावर पुढे बरेच वाद झाले. पण एकच अमिनो आम्ल गरजेपेक्षा फार झाले तर त्याचे काय होते, हा प्रश्न आपल्या देशातल्या गरिबाच्या ताटावरून विचारला गेला होता, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

एक गोष्ट स्त्रियांसाठी. घरात अंडी आणली तर ती कोणाच्या ताटात जातात? नातवाच्या, मग मुलाच्या. आजी म्हणते, मला भूक नाही. सून शेवटी बसते तेव्हा वरण पातेल्याच्या बुडाला असते, त्यात पाणी घालून ती भागवते. स्नायूंची झीज आपल्या घरांत अशी ताटापासून सुरू होते. आजीला खरोखर भूक नाही की तिला तसे म्हणायची सवय आहे, ते एकदा विचारून बघा.

आता व्यायामशाळेतल्या मुलांसाठी. तुम्ही 'बीसीएए' नावाची पावडर घेता. तिच्यात नवांपैकी तीनच अमिनो आम्ले असतात. बाकीची सहा कुठून आणणार? ती ताटातूनच यायची. मग ती तीन ताटात नव्हती का? पूर्ण प्रथिनांची पावडर म्हणाल तर केरळमधल्या डॉक्टरांनी २०२४ साली बाजारातली ३६ उत्पादने तपासली. २५ उत्पादनांवर लिहिलेले प्रथिनांचे प्रमाण चुकीचे निघाले, काहींत बुरशीचे विषही सापडले. त्याच वर्षी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने आहारविषयक मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात असे स्पष्ट सांगितले. आणि "नैसर्गिक अमिनो आम्ल आहे, त्याने काय होणार?" असे म्हणू नका. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल झोपेसाठी दुकानातून घेऊन लोक खात होते. अचानक माणसे स्नायूंच्या असह्य वेदनांनी रुग्णालयात येऊ लागली. पंधराशेहून अधिक आजारी पडले, ३७ च्या आसपास दगावले. बहुतेक प्रकरणांचा माग एकाच कारखान्याच्या मालापर्यंत गेला. पहिले रुग्ण न्यू मेक्सिकोत सापडले, ज्या राज्यात वर्षभरापूर्वी स्नायूंच्या झिजेला नाव मिळाले होते!

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, विशेषतः जुना मधुमेह असणारे, त्यांनी माझे ऐकून प्रथिने वाढवू नयेत. आधी डॉक्टरांना विचारावे. त्यांचे गणित वेगळे असते.

माझे बोलणे संपले, पण कार्यक्रम संपलेला नाही. आशियातील तज्ज्ञांनी २०१९ साली दोन सोप्या कसोट्या दिल्या आहेत. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पायांकडे लक्ष द्यायला हवे. दुसरी, पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर. पुरुषांचा ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांचा ३३ पेक्षा कमी असेल तर सविस्तर तपासणी करून घ्यावी. मागच्या बाजूला दोन टेबलांवर शिंप्याच्या टेपा आणि घड्याळे ठेवली आहेत. विद्यार्थ्यांनी माप घ्यायचे, वहीत लिहायचे. खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवा, सरकता कामा नयेत. ज्येष्ठ मंडळी उठताना शेजारी उभे राहा, पण धरू नका. साठीच्या वरच्या माता-भगिनींनी आधी यावे.